कोठीतल्या पेटीचा पासवर्ड

१

"यीस्टसुद्धा आता पूर्वीसारखं राहिलं नाही, बाई," अग्लायाकाकू रुक्सांद्राच्या कानाशी कुरकुरत होत्या. "तेच पीठ, तीच अंडी, ठेवलंही नेहमीच्याच जागी. आणि सणाचा गोड पाव, कोझोनाक, कसा झाला? वीट! ऐन ईस्टरच्या टेबलावर मी वीट मांडली. सुनेनं फोटो काढला. जिभेवर ठेवला नाही, फोटो काढला."

कानाशी कुरकुरण्यावाचून काकूंना इलाज नव्हता. त्यांची कोठीची खोली एवढी अरुंद होती की दोन बायका आत शिरल्या की एकीनं श्वास सोडायचा आणि दुसरीनं घ्यायचा. एका हाताला काकडीच्या लोणच्याच्या बरण्या, दुसऱ्या हाताला खारवलेल्या कोबीचं पिंप, आणि समोर, खालच्या फळीवर, पेटी.

खरं म्हणजे तो नेटवर्कचा स्विच. पण रुमानियातल्या ब्रइला गावातल्या या बहुमजली ब्लॉकमध्ये त्याला कुणी कधी स्विच म्हटलं नाही. चपटी, राखाडी, पुढच्या अंगाला तारा खुपसायच्या खाचा. या पेटीतून तारा निघत, जिन्याच्या कोपऱ्यातून गच्चीवर जात, आणि तिथून पॉपलरच्या शेंड्यांवरून आजूबाजूच्या ब्लॉकांवर उड्या मारत. इंटरनेटच्या मोठ्या कंपन्यांनी या मोहल्ल्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं त्या काळात, तिशीही न गाठलेल्या तिघांनी हे जाळं विणलं होतं. सांदू, तिबेरिऊ आणि ही रुक्सांद्रा. सांदू पट्टीचा मासेमार. गळाच्या दोरीला शिसं बांधून तो या गच्चीवरून त्या गच्चीवर फेकायचा, आणि त्या दोरीमागून तार ओढायचे तिघं. एकदा शिसं थेट कुणाच्या तरी खिडकीतून सूपच्या भांड्यात पडलं होतं. त्या घरानंही मग कनेक्शन घेतलं.

रुक्सांद्रानं पेटीवर तळवा ठेवला. गरम होती. वरच्या पत्र्यावर पिठाचं एक फिकट वर्तुळ उमटलं होतं. तिनं ते बाहीनं पुसलं आणि आपल्या लॅपटॉपची तार पेटीत लावली.

पूर्वी इथे आधी एक ओळ यायची. पासवर्ड विचारण्याआधी. सांदूनं लिहिलेली: *आलात? चपला बाहेर काढा. सगळे आतच आहेत.*

आज ओळ आली नाही. पासवर्डही कुणी विचारला नाही. पेटी कारखान्यातून कालच आल्यासारखी कोरी होती.

"गेलं?" काकूंनी विचारलं.

"सगळं."

"सांदूचं बोलणंसुद्धा?"

रुक्सांद्रानं मान हलवली. सांदूला जाऊन तीन हिवाळे झाले होते. त्याच्या कबरीवर दगड होता, पण त्याचा आवाज म्हणावा असं जे काही उरलं होतं ते या फळीवर, कोबीच्या वासात होतं.

"पोरी," काकू हळूच म्हणाल्या, "बाहेर सगळे म्हणतायत, वरच्या इलिंकानं केलं. आज संध्याकाळी सभा आहे. तिला घालवणार."

२

तिबेरिऊ स्वयंपाकघरात उभा होता. जहाजकारखान्यात तारांचं काम करून त्याचे हात खडबडीत झालेले, केस पार पिकलेले. तरी रुक्सांद्राला तो अजून गच्चीच्या कठड्यावर पाय सोडून बसलेलाच दिसायचा. ती लग्न करून गावाच्या दुसऱ्या टोकाला गेली, बंदराच्या कचेरीतलं नेटवर्क सांभाळू लागली. जाळं मात्र त्यानं सांभाळलं. वीज कोसळून यंत्रं जळाली की हाच, उंदरांनी तार कुरतडली की हाच.

"ख्रिस्त उठला," तो म्हणाला. ईस्टरच्या आठवड्यात 'नमस्कार' कुणी म्हणत नाही.

"खरंच उठला. सांग."

त्यानं आपल्या यंत्रावरची नोंद दाखवली. पेटीत जे काही घडे त्याची खबर पेटी त्याच्या घरच्या संगणकाला देत असे. सोमवारी दुपारी कुणीतरी कोठीतच उभं राहून पेटीला थेट तार लावली, पासवर्ड दिला, आणि सगळं पुसलं.

"मागचं बटण दाबून पुसलं नसेल कशावरून?"

"बटण दाबलं असतं तर पासवर्ड लागलाच नसता. हे बघ. पासवर्ड दिलाय. पहिल्याच झटक्यात बरोबर."

"सोमवारी कोठीत कोण कोण गेलं होतं?" रुक्सांद्रानं काकूंकडे वळून विचारलं.

"कोण नाही गेलं? सणाचा दुसरा दिवस. मी आपली बसल्या जागेवरून सांगते, हवं ते घ्या आतून. पाम्फिल आला, लोणचं घेऊन गेला. इलिंका आली, रिकाम्या बरण्या ठेवून गेली. आणि हा आला, तारा बघायला. बाकी सगळे बाहेर बसून गिळत होते."

पाम्फिल म्हणजे ब्लॉकचा व्यवस्थापक. त्याच सोमवारी संध्याकाळी तो इलिंकाच्या घरी रेडिएटर तपासायला गेला आणि तिच्या टेबलावर त्याला या नेटवर्कची एक जुनी पेटी उघडी ठेवलेली दिसली. मग काय! ब्लॉकभर झालं. इलिंका भाड्यानं राहायची. नवऱ्याशी फाटल्यावर गलात्सहून आलेली. या घरात येऊन तिला पुरतं वर्षही झालं नव्हतं. घरमालकाचा इटलीहून फोन आला होता: सभेनं तिच्याविरुद्ध तक्रार लिहिली, की महिनाअखेर घर रिकामं.

"तुला काय वाटतं, तिबी? तिनं केलं?"

"मी तिचं नाव घेतलेलं नाही," तिबेरिऊ म्हणाला. बोलताना त्यानं खिडकीतल्या लाल अंड्यांच्या वाडग्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही.

३

पाम्फिल एके काळी मालवाहू बोटीवर भांडारपाल होता आणि अजूनही ब्लॉकला बोटच समजायचा. त्यानं दार उघडलं ते टाय लावून.

"या, या! शेवटी विश्वसनीय माणूस आलं. बसा. अंडं फोडणार?"

ईस्टरच्या खेळाप्रमाणे अंड्यावर अंडं आपटून झालं. रुक्सांद्राचं फुटलं, म्हणजे ती हरली. पाम्फिलला एवढा आनंद झाला की तो चौकशीत अर्धा विरघळला.

"काका, तुम्हाला त्या तारा आवडत नाहीत. दर्शनी भिंत विद्रूप होते म्हणून तुम्ही नगरपालिकेत अर्जसुद्धा केला होता."

"एक नव्हे, चार केले. पण पुसायची? छे! बाई, मी स्वतः वापरतो. रोज. तिबेरिऊला विचारा. आता शनिवारचंच घ्या. माझा गुडघा हा असा, चर्चमध्ये मध्यरात्रीपर्यंत उभं राहणं होत नाही. अख्खी प्रार्थना मी या खुर्चीतून पाहिली. आपल्याच जाळ्यावर! एकदा अडकली नाही. मेणबत्ती न् मेणबत्ती स्पष्ट."

"वा."

"तिबेरिऊच्या हाताला यश आहे," पाम्फिल जरा मोठ्यांदा म्हणाला, जणू तिबेरिऊ भिंतीपलीकडे कान लावून उभा होता.

टीव्हीशेजारी क्रोशाचा एक रुमाल कशावर तरी पांघरलेला होता. जाळीच्या भोकांतून एक हिरवा ठिपका लुकलुकत होता. रुक्सांद्रानं तिकडे पाहिलं तशी पाम्फिलनं खुर्ची सरकवली आणि तिच्या नजरेच्या आड बसला.

"आणि ती जुनी पेटी इलिंकाकडे गेली कशी?"

"चोरली असणार! तळघरातून."

"तळघराची किल्ली कोणाकडे असते?"

पाम्फिलनं अंड्याचं टरफल फार काळजीपूर्वक सोलायला घेतलं. "आता... थंडीत ती मागायला आली होती खरी. मी म्हटलं, घेऊन जा, लोखंडच आहे. पण मला काय माहीत आत काय असतं ते!"

४

इलिंकानं दार अर्धंच उघडलं. मागे दोन खोकी दिसत होती. पुस्तकं भरायला सुरुवात झाली होती.

"भरतेयस?" रुक्सांद्रानं विचारलं. "अजून सभा व्हायचीय."

"सभेत काय होणार ते जिन्यातच कळलं मला, ताई. पाव आणायला गेले तर कुणी 'ख्रिस्त उठला' म्हणेना. माझ्यासाठी उठलाच नाही तो."

रुक्सांद्राला हसू आलं. इलिंकालाही आलं, पण तिचं लगेच विझलं.

पेटी टेबलावर होती. अगदी जुनी, जिन्यातल्या कोपऱ्यात असायची ती; एका कडेला सांदूनं सिगरेट टेकवल्याचा डाग अजून होता. रुक्सांद्रानं त्या डागावरून अंगठा फिरवला.

"कशाला हवी होती तुला?"

"शिकतेय. नेटवर्कचं काम. हिशेबनिसाची नोकरी आहे तिथून कधी काढतील सांगता येत नाही. परीक्षा द्यायचीय. सरावाला पेटी हवी होती, नवी परवडत नाही. ही चालू केली आणि बघते तर काय, आतली सगळी मांडणी जशीच्या तशी. फेकताना कुणी पुसलीच नव्हती."

"पासवर्डसकट."

"पासवर्डसकट," इलिंकानं कबूल केलं. "वाचता येत नव्हता, अक्षरं-आकडे उलटेपालटे करून ठेवलेले. पण ते उलगडायला किती वेळ लागतो?"

लागत नाही, हे रुक्सांद्राला चांगलंच ठाऊक होतं. पासवर्ड पेटीत ठेवायचे दोन प्रकार, आणि दोन्ही दिसायला सारखेच अगम्य. एक वेणीसारखा: घातलेली दिसते, पण ज्याला पेड कसे पडलेत ते माहीत आहे तो क्षणात सोडतो. आणि त्या जुन्या पेट्यांचे पेड साऱ्या जगाला माहीत होते. दुसरा प्रकार खिम्याचा. पासवर्ड यंत्रातून काढायचा आणि फक्त गोळा ठेवायचा. खिम्याचं पुन्हा कोकरू होत नाही. उद्या कुणी दारात येऊन पासवर्ड सांगितला तर त्याचाही खिमा करायचा आणि दोन गोळे जुळतात का पाहायचं. पेटीला स्वतःलाच मूळ शब्द माहीत नसतो. मग तिच्याकडून कोण काय काढून घेणार?

सांदूच्या वर्षश्राद्धाचं जेवण काकूंच्या घरी झालं होतं. जेवणं उरकल्यावर ती आणि तिबेरिऊ दोघंच कोठीत शिरले होते. तिनं कोठीतल्या पेटीचा पासवर्ड बदलला, खिम्याच्या पद्धतीनं ठेवला, आणि नवा शब्द तिबेरिऊच्या कानात सांगितला. सांदूचं स्वागताचं वाक्य तेवढं तसंच ठेवलं. "आता आपण दोघंच," तिबेरिऊ म्हणाला होता.

पण तिबेरिऊनं तोच नवा शब्द नंतर जिन्यातल्या पेट्यांनाही दिला असेल तर? त्या जुन्या, त्यांना खिमा जमत नव्हता, त्या वेणीच घालायच्या. एका घराला भक्कम कुलूप लावायचं आणि त्याच किल्लीची दुसरी प्रत तळघरात खिळ्याला टांगायची. हा गाढवपणा मोठमोठ्या कचेऱ्यांत होतो, मग इथे का नाही होणार? आणि तसं झालं असेल, तर ही समोर बसलेली मुलगी खरोखरच पेटीत शिरू शकत होती.

"उलगडून काय निघालं?" रुक्सांद्रानं विचारलं.

"एका माशाचं नाव. आणि पुढे साल."

"कुठला मासा?"

"श्त्यूका. गोड्या पाण्यातला, दातेरी. पुढे एकाहत्तर."

श्त्यूका, आणि सांदूचं जन्मसाल. ती चेष्टेनं म्हणायची, सांदू, हा पासवर्ड नाही, हे तुझ्या दारावरच्या पाटीवरचं नाव आहे. तो म्हणायचा, मग बेल वाजवून या.

म्हणजे जुनाच पासवर्ड. ही पेटी बदलाच्या आधीच तळघरात गेली होती. इलिंकाच्या हातात जी किल्ली होती तिचं कुलूप केव्हाच उतरवलं होतं.

रुक्सांद्राला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नवा शब्द जगात दोनच माणसांना माहीत होता. त्यातली एक इथे बसली होती.

उठताना तिनं विचारलं, "तूही हे आपलं जाळंच वापरतेस ना? सणाच्या दिवसांत नीट चालत होतं?"

"हो... म्हणजे... चालत होतं." इलिंकानं ओट्यावरचं फडकं उचललं आणि उगाचच खिडकीतल्या एका पांढऱ्या डबीवर टाकलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "घर देताना मालकानं बजावलं होतं, त्याबद्दल तिबेरिऊदादांशी काही बोलायचं नाही. अख्ख्या ब्लॉकचं तसं ठरलंय. मला विचारू नका, ताई."

५

"काकू, कोझोनाकचं पीठ फुगायला कुठे ठेवता तुम्ही?"

"आता हे काय मध्येच? पेटीवर! कधीपासून. सांदूनंच सांगितलं होतं, काकू, आमच्या पेटीखाली तुमची वीज जळते, तिच्या डोक्यावर तुमचं पीठ तरी फुगू दे. बारा महिने कोमट असते मेली. परात ठेवायची, वर टॉवेल. दुपारपर्यंत टॉवेल उचलून बाहेर येतं."

"आणि या शनिवारी?"

"सांगितलं की. संध्याकाळपर्यंत तसंच. पोलादासारखं. यीस्ट—"

"यीस्टला काही झालं नव्हतं, काकू," रुक्सांद्रा म्हणाली आणि गच्चीकडे निघाली.

तिबेरिऊ तिथेच होता. कठड्याला टेकून खाली डॅन्यूबकडे बघत. दुपार कलली होती, पॉपलरांना नुकती पालवी फुटली होती, आणि त्यांच्या वरून काळ्या तारा जात होत्या, काही ताणलेल्या, काही सैल पडून पोट सुटलेल्या. एका तारेवर अजून शिशाचा तुकडा लटकत होता.

"ती तार आठवते?" तो म्हणाला. "सांदू म्हणाला, पडली तर मीही उडी मारतो. आणि तू म्हणालीस, आधी पासवर्ड लिहून ठेव."

ती त्याच्या शेजारी टेकली. खाली पलीकडच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी गालिचा झोडपत होतं. तेव्हा या गच्चीवर संध्याकाळी सगळा मोहल्ला यायचा. कुणी सिनेमा मागायला, कुणी परगावच्या मुलाशी बोलायला, कुणी नुसतंच. लग्नाच्या चित्रफिती सगळे सगळ्यांच्या बघायचे. बसमध्ये न बोलणारी माणसं रात्रभर एकमेकांना टाइप करत बसायची आणि सकाळी बेकरीत लाजायची.

"तिबी, मी बोलते, तू ऐक. चुकलं तर थांबव." ती नदीकडेच बघत राहिली. "इलिंकाकडे जुना पासवर्ड आहे. माशाचा. त्यानं कोठीतली पेटी उघडत नाही. पाम्फिलकाकांना पासवर्ड आणि पादरी यांतला फरक कळत नाही. नोंद मात्र खरी आहे. सोमवारी दुपारी कुणीतरी बरोबर शब्द दिला. मी त्या वेळी सासूकडे कोकरू वाढत होते. मग कोण उरलं?"

त्यानं थांबवलं नाही.

"आणि दुसरं. शनिवारी पेटी थंड होती. नुसती पुसलेली पेटी थंड होत नाही. आज कोरी आहे तरी तळवा भाजतो. थंड होती म्हणजे तिचा प्लगच काढलेला होता. सोमवारच्या आधीच. सणाच्या दिवसांत कोठीत शिरून, काकूंना काही न विचारता तारांना हात लावणारा माणूस एकच."

"काकूंचा कोझोनाक," तिबेरिऊ पुटपुटला. "ते माझ्या डोक्यातच आलं नाही. तो बिघडवायचा नव्हता गं मला."

"प्लग का काढलास?"

त्यानं कठड्याचा पोपडा नखानं खरवडायला घेतला.

"आणि मला तिसरंही एक कळलंय," रुक्सांद्रा म्हणाली. "शनिवारी मध्यरात्री, पेटी थंडगार असताना, पाम्फिलकाकांनी आपल्या जाळ्यावर अख्खी प्रार्थना पाहिली. इलिंकाचंही नीट चालत होतं. म्हणजे..."

"म्हणजे काय?" तो एकदम वळला. "बोल ना. म्हणजे काय?"

तिच्या स्वतःच्या घरात, फ्रिजवर, तशीच एक पांढरी डबी कितीतरी वर्षं लुकलुकत होती.

"सांदूचं वाक्य कसं पुसवलं तुला?" तिनं त्याऐवजी विचारलं.

"तेच आधी पुसलं." तो म्हणाला. "रोज आत जायचो आणि रोज ते म्हणायचं, सगळे आतच आहेत."

खालून पाम्फिलची शिटी ऐकू आली. बोटीवरची. सभेची वेळ झाली होती.

"तिबी, त्या मुलीनं खोकी भरायला घेतलीत," रुक्सांद्रा म्हणाली. "तिचं निर्दोष असणं मी सांगेन. पण तुझं नाव मी घेणार नाही. ते तुझं तू बघ."

६

सभा जिन्याच्या तळाशी, टपालपेट्यांसमोर. बायका पायऱ्यांवर, पुरुष भिंतीला टेकून, अग्लायाकाकू घरून आणलेल्या स्टुलावर. इलिंका दाराजवळ उभी होती, अंगात कोट घालून, जणू सभा संपताच तिथूनच निघायचं होतं.

पाम्फिलनं घसा साफ केला. "आपलं जाळं, ज्याच्यावर आपण सगळे अवलंबून आहोत..."

"अवलंबून, अगदी," कुणीतरी म्हणालं.

"...ते एका भाडेकरूनं, चोरलेल्या पेटीच्या आधारे—"

"दिलेल्या," रुक्सांद्रा म्हणाली. "काका, दिलेल्या. तुम्हीच दिलीत. लोखंडच आहे म्हणून."

हशा पिकला. पाम्फिलचे कान लाल झाले. त्या हशात रुक्सांद्रानं बोलून घेतलं. वेणीचं सांगितलं, खिम्याचं सांगितलं. खिम्याचं सगळ्यांना लगेच कळलं. जुन्या पेटीतून निघालेला शब्द सांदूचा मासा होता, आणि कोठीतल्या पेटीवर तो शब्द सांदूच्या वर्षश्राद्धापासून चालत नव्हता. "इलिंकाकडे होती ती निकामी किल्ली. ती आत जाऊच शकत नव्हती. तक्रार लिहायची असेल तर माझ्याविरुद्ध लिहा. तळघरात पेटी पुसल्याशिवाय टाकू नये हे मी तेव्हाच बजावायला हवं होतं."

इलिंकानं कोटाचं बटण सोडलं.

"पण मग," पाम्फिलनं बोटांवर मोजून पाहिलं, "नवा शब्द कुणाकुणाला माहीत आहे?"

रुक्सांद्रा काही बोलली नाही. लोक एकमेकांकडे बघू लागले. दाराजवळ कुणीतरी कुजबुजलं, रुक्सांद्रा इलिंकाला सांभाळून घेतेय. इलिंकानं कोटाचं बटण पुन्हा लावलं.

"बटण काढ," तिबेरिऊ म्हणाला. "कुठे जाऊ नकोस. मी केलं."

इलिंकाचा हात बटणावरच राहिला.

"गुरुवारी प्लग काढला. कोणी काही करायला लावलं नाही मला. म्हटलं, बघू, किती वेळात पहिला माणूस येतो. दार उघडं टाकून बसलो. येईल कुणीतरी शिव्या देत, तिब्या, ऐन सणात काय मांडलंयस! मी कॉफीसुद्धा करून ठेवली होती." त्यानं टोपी काढून हातात घेतली. "शुक्रवारी वाटलं, उपास आहे, लोक घरात असतील. शनिवारी वाटलं, चर्चला गेले असतील. रविवारी... सोमवारी मी परत प्लग लावला, पासवर्ड दिला, आणि राग आला. सगळं पुसलं. आणि खाली येऊन म्हणालो, कुणीतरी शिरलं. तेव्हा मात्र सगळे आलात. किती हळहळलात! मला बरं वाटलं. आणि मग या मुलीचं नाव निघालं, आणि मी गप्प बसलो. हे माझं वाईट झालं. पोरी, माफ कर."

इलिंका मान खाली घालून म्हणाली, "दादा, मला आधी दोन शब्द शिकवले असते तर मीच तुमची पेटी नीट करून दिली असती."

पाम्फिलनं तक्रारीचा कागद दुमडला, आणखी दुमडला, आणि खिशात घातला.

"तसं नव्हे हं, तिबेरिऊ," पायरीवरून एक बाई म्हणाली. "सणाची गडबड. लक्षातच आलं नाही."

"पाहुणे होते घरात," दुसरं कुणी म्हणालं.

"माझ्याकडे," पाम्फिल म्हणाला, "जरासं हळू चालत होतं खरं. मला वाटलं, हवामान."

तिबेरिऊ एकेकाकडे बघत होता. जो तो टपालपेट्यांवरची नावं वाचू लागला. आपली स्वतःचीच.

अग्लायाकाकू काठी टेकून उठल्या. त्याच्यापाशी गेल्या, त्याची टोपी त्याच्या हातातून काढून घेतली आणि आपल्या छातीशी धरली.

"पुरे करा रे," त्या म्हणाल्या. "माझ्या टीव्हीमागे नातवानं कंपनीचं इंटरनेट लावून दिलंय. याच्याकडे रुमालाखाली आहे, हिच्याकडे कपाटात आहे, रुक्सांद्राकडेही असणार. तुझं मन मोडेल म्हणून सांगायला कुणी धजलं नाही. तिबेरिऊ, बाळा, तुझी पेटी आम्ही कुणीच वापरत नाही. केव्हाचे वापरत नाही."